खिडकी बदलायची? आधी पोळला विचारा!

दिवाळीच्या आधी घराला रंग काढायचा, मोडकी खिडकी बदलायची किंवा न्हाणीघरात नवी फरशी बसवायची ठरली, की आपण कुणाकुणाला विचारतो बरं? घरच्यांना विचारतो, हिशेबाच्या वहीला विचारतो आणि शेजारणीला तिच्या गवंड्याचा भाव विचारतो. आणखी कुणाला विचारायचं? घर आपलं, खिडकी आपली, पैसे आपले! पण समजा, उद्या कुणी येऊन म्हणालं, "बाई, ही खिडकी तुमची एकटीची नाही, साऱ्या गावाची आहे. ती काढण्याआधी गावाला विचारा," तर? तुम्ही काय नि मी काय, त्याला दारातूनच वाटेला लावू!

पण मैत्रिणींनो, आपल्या देशात अशी गावं आहेत, जिथे हे खरोखरच विचारावं लागतं. मुंबईत १९९५ साली जुन्या वास्तूंसाठी नियम झाले आणि त्यासाठी एक समितीही नेमली गेली. मात्र मुंबईचं नाव निघालं की आपल्या डोळ्यांसमोर मोठमोठ्या सरकारी इमारती, स्टेशनं आणि कोर्टकचेऱ्या येतात. मला पाहायची होती ती माणसांची राहती घरं. ज्या घरात सकाळी कुकरची शिट्टी होते, दोरीवर कपडे वाळतात, नात अभ्यासाला बसते, अशा घराला जर कायदा लागू झाला, तर तिथल्या बाईचं काय होतं, हे पाहायचं होतं. म्हणून मी गेले अहमदाबादला.

अहमदाबाद म्हटलं की आपल्याला आठवतो साबरमतीचा आश्रम, कापडाच्या गिरण्या आणि फाफडा-जिलबी. आश्रम आहे नदीच्या पश्चिमेला. जुनं शहर आहे पूर्वेच्या काठावर. सुलतान अहमदशहाने १४११ साली ते वसवलं. आपल्या मराठी माणसांचंही ते काही परकं गाव नव्हे, बरं का! अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८१७ पर्यंत पेशवे आणि गायकवाड यांचा इथे वाटून अंमल होता. रायखड भागात गायकवाडांची हवेली आजही त्याची साक्ष देते. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हेही अहमदाबादचेच.

या जुन्या शहराची घडण म्हणजे 'पोळ'. पोळ म्हणजे खायची पोळी नव्हे हो! एका मोठ्या दरवाजाच्या आत वसलेली घरांची गल्ली म्हणजे पोळ. दरवाजावर रखवालदाराची खोली, आत गेलं की एकाला एक लागून दुमजली-तिमजली घरं, मध्येच एखादं देऊळ, एखादी विहीर आणि उंच खांबावर पाखरांना दाणे टाकायचा 'चबुतरो'. गल्ली पुढे इतकी अरुंद होते की समोरच्या सज्जातली बाई हात लांब करून वाटीभर साखर देऊ शकेल. अशा शेकडो पोळी या शहरात आहेत. दर सकाळी कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जुम्मा मशिदीपर्यंत महानगरपालिकेतर्फे पायी फेरी निघते. १९ नोव्हेंबर १९९७ पासून हा उपक्रम चालू आहे. वाटेत लांबेश्वरच्या पोळमध्ये कवी दलपतराम यांचं स्मारक लागतं. त्यांच्या घराचा दर्शनी भाग तिथे उभा केला आहे, आणि पुढे कवी स्वतः पुतळ्याच्या रूपाने बसले आहेत. येणारे जाणारे त्यांच्याशेजारी बसून फोटो काढून घेतात.

पण मला ओढ होती ती घराच्या आत जायची. ओळखीच्या एका बाईंच्या मावशी खाडिया भागात राहतात. त्यांना सगळेच 'बा' म्हणतात, म्हणून मीही बाच म्हणू लागले. रस्त्याला लागून 'ओटलो', म्हणजे आपला ओटा. दारातून आत गेलं की मध्ये उघडा 'चोक', बाजूला 'परसाळ', मागे 'ओरडो'. म्हणजे आपल्या वाड्यातला चौक, ओसरी आणि माजघर यांचीच ही गुजराती भावंडं! पाण्याचे हंडे ठेवायची जागा 'पाणियारुं', आणि वर पतंगाच्या सणाला गजबजणारी 'अगाशी'. चौकाच्या फरशीखाली आहे 'टांकुं', म्हणजे पावसाच्या पाण्याची टाकी. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्यायचं, छप्पर धुऊन निघालं की मग पुढचं पाणी टाक्यात घ्यायचं. आत चुन्याचा लेप, वर घट्ट झाकण, आणि उन्हाचा किरण आत जाऊ द्यायचा नाही. असं पाणी वर्षभर टिके. आज नळाच्या दोन तासांच्या पाण्यासाठी घड्याळ लावून उठणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे टाकं पाहून खरोखर हात जोडावेत.

भिंती विटांच्या, पण त्यांच्यामध्ये ठरावीक अंतरावर आडवी लाकडं घातलेली. खांब, तुळया सागवानाच्या. हा केवळ शोभेचा भाग नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात शहराच्या नव्या भागात कितीतरी बहुमजली इमारती कोसळल्या, पण पोळमधली लाकूड गुंफलेली घरं बहुतेक उभी राहिली. लाकूड धक्का सोसतं, थोडं हलतं आणि पुन्हा जागेवर येतं. "आमचं घर त्या दिवशी करकरलं, पण पडलं नाही," असं बा सांगतात तेव्हा त्यांच्या स्वरात घरच्या कर्त्या माणसाविषयी बोलावं तसा अभिमान असतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळते. घराच्या बाबतीत गल्लीला विचारायचं, ही अहमदाबादला नवी गोष्ट नाही. मुंबई इलाख्याचं जुनं गॅझेटियर आहे ना, त्याच्या १८७९ च्या अहमदाबादच्या खंडात पोळच्या रिवाजांची नोंद आहे. पोळमधलं घर बाहेरच्याला विकायचं किंवा गहाण ठेवायचं, तर आधी ते पोळमधल्या माणसांना देऊ करावं लागे. विक्री झाली की किमतीतला काही हिस्सा पोळच्या फंडात जाई. लग्नकार्यातही पोळला देणं असे. त्या पैशातून दरवाजाची डागडुजी, रखवालदाराचा पगार असा सामाईक खर्च भागे. म्हणजे घर ज्याचं त्याचं, पण त्यावर गल्लीची नजर!

ही व्यवस्था ऐकायला गोड वाटते, पण तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पोळ बहुधा एकाच जातीची किंवा धंद्याची असे. तेव्हा पंचांची नजर घराच्या खिडकीपेक्षा घर घेणाऱ्याच्या जातीवर जास्त असणार, हे उघड आहे. आणि या पंचांत बायका कुठून असणार? तो काळ परत यावा असं मी तरी म्हणणार नाही.

आज पंच नाहीत, त्यांच्या जागी कागद आहेत. १९९६ साली इथल्या महानगरपालिकेने जुन्या वास्तूंसाठी स्वतंत्र कक्ष काढला. पुढे घरांची पाहणी होऊन यादी झाली. त्या यादीत देवळं, मशिदी, संस्था तर आहेतच, पण २२०० हून अधिक राहती घरं आहेत! त्यांच्या श्रेणी लावल्या आहेत. पहिल्या श्रेणीतल्या वास्तूला जवळजवळ हात लावायचा नाही. दुसऱ्या श्रेणीत बाहेरचं रूप राखून आतून गरजेपुरते बदल करता येतात. तिसऱ्या श्रेणीत मोकळीक जास्त. यादीतलं घर पाडायचं, त्यावर मजला चढवायचा किंवा दर्शनी भाग बदलायचा, तर महानगरपालिकेची परवानगी हवी. त्यासाठी जाणकारांची एक समिती आराखडा पाहून आपलं मत देते. जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारसा शहराचा मान दिला. भारतात असा मान मिळालेलं हे पहिलं शहर. त्यानंतर तर या घरांवर साऱ्या जगाचीच नजर आली.

जगाची नजर आली खरी, पण रात्री दोन वाजता जिना उतरायचा तो बांनाच! हा जिना एकदा पाहाच. लाकडी, अरुंद आणि इतका उभा, की आधाराला वरून दोर सोडलेला असतो. झोपायच्या खोल्या वर, संडास-न्हाणीघर खाली चौकाला लागून. तरुणपणी काही वाटत नाही, पण गुडघे कुरकुरू लागले की रात्रीचं पाणी पिण्याचीसुद्धा भीती वाटते. पोळमधली किती कुटुंबं नदीपलीकडच्या फ्लॅटमध्ये गेली त्याची कारणं लोक सांगतात मोटार ठेवायला जागा नाही, उजेड नाही, धंदा तिकडे गेला. सगळं खरं आहे. पण बायकांना विचारलंत तर पहिलं कारण ऐकू येईल ते जिना आणि न्हाणीघर.

बांच्या सुनेने वरच्या मजल्यावर न्हाणीघर करायचं ठरवलं, तेव्हा पहिल्या गवंड्याने सोपा उपाय सांगितला. रस्त्याकडच्या खोलीचा कोपरा अडवायचा, लाकडी जमिनीवर सिमेंट ओतायचं, फरशी बसवायची आणि सांडपाण्याचा नळ दर्शनी भिंतीवरून खाली सोडायचा. सोबत पुढच्या लाकडी खिडक्या काढून सरकत्या ॲल्युमिनियमच्या बसवायच्या, म्हणजे काम एकदम होऊन जाईल! खर्चही फार नव्हता. घर यादीत असल्यामुळे आराखडा दाखवावा लागला, आणि जुन्या घरांचं काम जाणणाऱ्या एका वास्तुकाराची गाठ पडली. त्याने आधी खालची तुळई पाहायला लावली. लाकडी जमिनीवरच्या न्हाणीघरातून पाणी झिरपू लागलं की ते वर दिसत नाही, खाली तुळईचं टोक आतल्या आत कुजतं, आणि कळतं तेव्हा छत खाली आलेलं असतं. मग न्हाणीघर मागच्या बाजूला, पक्क्या भिंतीवर, खालच्या न्हाणीघराच्या बरोबर डोक्यावर आलं. नळ आतल्या बाजूने गेले. पुढच्या खिडक्यांची कुजलेली फळकुटं तेवढी सुताराने बदलली आणि आतून डासांची जाळी बसवून दिली. खर्च जास्त आला, वेळही जास्त लागला, सुनेची चिडचिड झाली, ती लपवून ठेवायचं कारण नाही. "पण आता बा रात्री जिना उतरत नाहीत," असं ती म्हणाली, आणि त्यातच सगळं आलं.

याच घरात खालच्या भिंतीला कमरेएवढी ओल चढलेली दिसली. काही वर्षांपूर्वी चुन्याचा गिलावा खरवडून वर सिमेंट थापलं होतं, त्याचा हा प्रसाद! जुन्या विटांच्या भिंती जमिनीतली ओल शोषतात. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर जाऊ देतो, भिंत जणू श्वास घेते. सिमेंटने तिचं नाक-तोंड बंद केलं की ओल वर वर चढते, मीठ फुटतं आणि रंगाचे पापुद्रे निघतात. जुने कारागीर चुना मुरवताना त्यात गूळ, मेथी, उडीद अशा चिकट वस्तूंचं पाणी घालत. म्हणजे गिलावाही आपल्या स्वयंपाकघरातूनच मजबूत होई म्हणायचा!

मला वाटतं, घर तपासणाऱ्या समितीचा खरा उपयोग हा आहे. नुसतं 'नाही' म्हणायला काय लागतं? 'असं करू नका' म्हटल्यावर 'मग कसं करू' याचं उत्तर मिळालं, तर बाई तो नियम आपण होऊन पाळते. आणि उत्तर मिळालं नाही, किंवा कागद महिनोन्महिने पडून राहिला, तर रविवारी सकाळी गवंडी बोलावून काम उरकलं जातं. मग नियमही मोडतो आणि घरही बिघडतं. पावसाळ्याआधी छपराची कौलं फिरवायची असतील, तर उत्तर दिवाळीत येऊन काय कामाचं?

पैशाचाही विचार व्हायला हवा. कोरीव काम करणारा सुतार, चुना जाणणारा गवंडी यांची मजुरी साध्या कामापेक्षा जास्तच असते. साऱ्या गावाची शोभा राखायची, तर तिचा भार एकट्या घरमालकिणीने का सोसावा? अहमदाबादने यावर एक युक्ती काढली आहे. जुन्या घरावर मजले चढवता येत नाहीत, त्यामुळे मालकाचा तेवढा बांधकामाचा हक्क वाया जातो. तो हक्क कागदावर मोजून द्यायचा, आणि मालकाने तो शहरात दुसरीकडे बांधणाऱ्याला विकायचा. रेशनकार्डावरची आपल्या वाट्याची साखर आपण उचलली नाही तर शेजारीण विचारते ना, "तुम्हांला नको तर मी घेऊ का?" तसंच काहीसं, फक्त इथे ते कायद्याने आणि रोख पैसे घेऊन! त्या पैशातून घराची दुरुस्ती व्हावी, हा हेतू. युक्ती चांगली आहे, पण त्यासाठी घराची मालकी कागदोपत्री स्वच्छ लागते. एका घरात चार भाऊ, त्यांतले दोन परगावी, एकाच्या वाट्याला जुन्या भाड्याचा भाडेकरू, अशी बहुतेक घरांची कहाणी. सह्याच जुळत नाहीत तिथे विकणार काय आणि दुरुस्त करणार काय?

म्हणून मान मिळाल्यानंतरही पोळमधलं सगळं आलबेल आहे, असं समजू नका. कितीतरी घरांना कुलपं आहेत. काहींची गोदामं झाली आहेत. काही पाडून तिथे दुकानांच्या इमारती आल्या. कोरीव खांब आणि खिडक्या सुट्या करून जुन्या वस्तूंच्या बाजारात विकल्या गेल्या, त्या आता कुणाच्या तरी दिवाणखान्यात शोभेला असतील. उलट काही हवेल्या नीट दुरुस्त होऊन तिथे पाहुण्यांच्या उतरण्याची सोय झाली आहे. त्यांतून घराला पैसा मिळतो, हे खरं. पण सगळीच घरं पाहुण्यांसाठी झाली, तर ओटल्यावर भाजी निवडत बसणार कोण? बा म्हणाल्या, "घर माणसथी शोभे, बेन, नकशीथी नहीं." माणसांनी घराला शोभा येते, कोरीव कामाने नव्हे.

आपल्याकडे पुण्यात काय झालं? १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठचे वाडे नेले, आणि उरलेल्यांतले कितीतरी पुढे एकेक करून पडले, त्यांच्या जागी फ्लॅट आले. विश्रामबागवाडा, नानावाडा यांसारखे नामांकित वाडे राहिले. पण ज्यांत साधी बिऱ्हाडं नांदली, त्या वाड्यांना कुणी विचारलं नाही, आणि त्यांत राहणाऱ्या बायकांनाही नाही. सामाईक नळ आणि चौकापलीकडचा संडास यांतून सुटका झाली म्हणून फ्लॅटमध्ये जाताना त्यांनी समाधानाचा सुस्कारा सोडला असेल, तर त्यांना दोष कसा द्यावा? वाडा राखायचा आणि आतली गैरसोयही राखायची, असा सौदा कोणती बाई मान्य करील?

तुमचं घर कुठल्या यादीत असो वा नसो, ते जुनं असेल तर दुरुस्तीआधी एवढं करा. पहिलं, काम काढण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे, खिडक्यांचे, तुळयांच्या टोकांचे फोटो काढून ठेवा. दुसरं, चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापू देऊ नका. चुना जाणणारा गवंडी शोधायला आठ दिवस जास्त लागले तरी लागू द्या. तिसरं, न्हाणीघर आणि मोरी एकावर एक येतील असं पाहा, आणि लाकडी जमिनीवर पाण्याचं काम काढू नका. चौथं, लाकडावर दर वर्षी तैलरंगाचे थर चढवू नका. ते साफ करून जवसाच्या तेलाचा हात दिला तर लाकूड टिकतं आणि त्यावरची नक्षीही दिसते. मात्र तेलाची फडकी चुरगळून ठेवू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवा. पाचवं, विजेच्या जुन्या तारा आधी बदला, लाकडी घराला खरं भय आगीचं. सहावं, काढलेली खिडकी किंवा खांब भंगारवाल्याला लगेच देऊ नका. कारागिराला तोच नमुना म्हणून लागतो. आणि घर यादीत असेल तर विचारा लेखी आणि उत्तरही मागा लेखी. तोंडी 'हो' पुढे कामाला येत नाही.

अहमदाबादला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पायी फेरीला सकाळी लवकर निघा आणि पायांत मऊ चपला घाला. १४ जानेवारीला उत्तरायण; त्या दिवशी सारं शहर अगाशीवर असतं आणि आकाश पतंगांनी भरून जातं. रात्री माणेक चौकात खायला जा. दिवसा सोन्याचांदीचा बाजार असलेल्या या चौकात रात्री खाण्याच्या गाड्या लागतात. पोळमध्ये फिरताना मात्र एक लक्षात ठेवा. ही माणसांची घरं आहेत, प्रदर्शन नव्हे. दारात उभ्या असलेल्या बाईला आधी 'केम छो' म्हणा, मग फोटोचं विचारा. ती बहुधा आत बोलावून पाणी देईल, टाकं दाखवील आणि जिना चढताना दोर घट्ट धरायला सांगेल. चढून झालं की तिला नक्की विचारा, की या घरात तिला काय बदलावंसं वाटतं. हाच प्रश्न घर तपासायला येणाऱ्यांनी सगळ्यांत आधी विचारला, तर पोळमधल्या पुष्कळ घरांची कुलपं निघतील, असं मला अगदी मनापासून वाटतं.